पाच वेळा राष्ट्र देऊ केलं, पाचही वेळा नाकारलं?

गाझाची एखादी मोठी बातमी आली की तिच्यामागोमाग व्हॉट्सअ‍ॅपवर एक यादी फिरू लागते. १९३७, १९४७, १९६७, २०००, २००८. पॅलेस्टिनींना पाच वेळा स्वतंत्र राष्ट्र देऊ केलं आणि पाचही वेळा त्यांनी ते लाथाडलं. शेवटी पुरवणी : २००५ मध्ये गाझा फुकटात दिला, तर तिथून रॉकेटं आली. तात्पर्य असं की यांना राष्ट्र नकोच आहे, इस्रायल बुडवायचा आहे. सालं खरी असल्यामुळे यादी भारदस्त वाटते. म्हणून एकेक साल उघडून पाहू.

१९३७. तेव्हा पॅलेस्टाईनवर राज्य करणाऱ्या ब्रिटिशांच्या पील आयोगानं फाळणी सुचवली. गॅलिली आणि किनारपट्टीचा मोठा भाग ज्यूंना, जेरुसलेमपासून जाफापर्यंतचा पट्टा ब्रिटिशांकडे, आणि उरलेला अरब भाग अमीर अब्दुल्लांच्या ट्रान्सजॉर्डनला जोडायचा. म्हणजे पॅलेस्टिनींचं वेगळं राष्ट्र या योजनेत नव्हतंच. शिवाय सुमारे सव्वादोन लाख अरबांना, वेळ पडल्यास सक्तीनं, हलवायची शिफारस होती. झ्यूरिकच्या झायोनिस्ट (ज्यू राष्ट्रवादी) काँग्रेसनंही त्या सीमा नामंजूर केल्या, फक्त पुढे बोलणी करायला मोकळीक दिली. पुढच्या वर्षी वुडहेड आयोगाच्या अहवालानंतर खुद्द ब्रिटिश सरकारनंच योजना गुंडाळली. गंमत म्हणजे फॉरवर्ड लिहिणाऱ्याच्या कामाचं साल १९३९ होतं. त्या वर्षीच्या ब्रिटिश श्वेतपत्रिकेत दहा वर्षांत स्वतंत्र पॅलेस्टाईनचं आश्वासन होतं, ज्यू स्थलांतरावर मर्यादा होती, आणि तरीही पॅलेस्टिनी नेत्यांच्या अरब उच्च समितीनं ती फेटाळली. झायोनिस्टांनीही फेटाळली.

१९४७. इथला नकार खराखुरा आहे, तो झाकायचं कारण नाही. २९ नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत फाळणीचा ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनी मंजूर झाला. पॅलेस्टाईनमधल्या ज्यूंच्या वतीनं बोलणाऱ्या ज्यू एजन्सीनं तो स्वीकारला. बेगिन यांच्या इर्गुन या सशस्त्र ज्यू संघटनेनं नाही. पॅलेस्टिनी नेतृत्वानं आणि अरब राष्ट्रांनी धुडकावला आणि युद्ध पत्करलं. पण नाकारणाऱ्याच्या जागी उभं राहून आकडे पाहा. लोकसंख्येत ज्यू साधारण एक तृतीयांश, त्यांना जमीन निम्म्याहून जास्त, आणि त्या नियोजित ज्यू राज्यात जवळजवळ निम्मे रहिवासी अरब. ज्या तेरांनी विरोधात मत दिलं त्यांत भारत होता. संयुक्त राष्ट्रांच्या समितीवर आपले प्रतिनिधी सर अब्दुर रहमान होते, आणि भारत, इराण व युगोस्लाव्हिया यांनी फाळणीऐवजी संघराज्याची योजना मांडली होती. तेव्हा हा ठराव नाकारणारा प्रत्येक जण ज्यूंच्या रक्ताचा तहानलेला होता असं म्हणायचं झालं, तर नेहरूंच्या सरकारलाही त्याच रांगेत बसवावं लागेल. युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी निर्वासित झाले. उरलेल्या भागाचं राष्ट्र होऊ दिलं नाही ते अरब बांधवांनीच : वेस्ट बँक जॉर्डननं गिळली, गाझा इजिप्तनं ताब्यात ठेवला.

१९६७ तर ओढूनताणून घुसवलेलं आहे. खार्तुमच्या परिषदेत ‘तह नाही, मान्यता नाही, वाटाघाटी नाहीत’ असं अरब राष्ट्रं म्हणाली हे बरोबर. पण तिथे पॅलेस्टिनी राष्ट्राचा प्रस्ताव कुणी ठेवलाच नव्हता. इस्रायली मंत्रिमंडळाच्या १९ जूनच्या गुप्त ठरावात शांततेच्या बदल्यात, त्याच महिन्यातल्या युद्धात जिंकलेला सिनाई इजिप्तला आणि गोलन सीरियाला परत देण्याची तयारी होती. वेस्ट बँकेचा निर्णय पुढे ढकलला होता. न वाढलेलं ताट परत पाठवल्याचा हा आरोप आहे.

यानंतर यादी तेहतीस वर्षांची उडी मारते, आणि याच काळात तिला अडचणीचं बरंच काही आहे. १९८८ मध्ये अल्जीयर्सला पीएलओनं (पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेनं) स्वातंत्र्याची घोषणा करताना दोन राष्ट्रांची फाळणी मान्य केली. सप्टेंबर १९९३ मध्ये, ऑस्लो कराराच्या वेळी, पीएलओचे प्रमुख अराफत यांनी इस्रायलच्या अस्तित्वाचा हक्क लेखी मान्य केला. बदल्यात इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांनी पीएलओला पॅलेस्टिनी जनतेचा प्रतिनिधी मानलं, राष्ट्राचा शब्द दिला नाही. ऑक्टोबर १९९५ मध्ये क्नेसेटमध्ये, म्हणजे इस्रायलच्या संसदेत, तेच राबिन म्हणाले की पॅलेस्टिनींना मिळेल ते राष्ट्रापेक्षा कमी असेल. महिन्याभरात एका ज्यू माथेफिरूनं त्यांना गोळ्या घातल्या. बसमध्ये बॉम्ब फोडून ऑस्लो करार उधळू पाहणारा हमास एका बाजूला, आणि हा दुसऱ्या बाजूला. वेस्ट बँकेत (पूर्व जेरुसलेम सोडून) ऑस्लोच्या वेळी एक लाखाच्या वर वसाहतवासी होते. आता पाच लाखांहून जास्त आहेत.

२०००. अमेरिकेत कॅम्प डेव्हिडला इस्रायलचे पंतप्रधान एहुद बराक यांनी त्याआधीच्या कुठल्याही इस्रायली पंतप्रधानापेक्षा जास्त देऊ केलं, यात वाद नाही. मात्र प्रस्ताव लेखी नव्हता. अमेरिकनांमार्फत तोंडी टक्केवाऱ्या फिरत होत्या. त्या वाटाघाटींत असलेले श्लोमो बेन-अमी, जे पुढे इस्रायलचे परराष्ट्रमंत्री झाले, २००६ मध्ये जाहीरपणे म्हणाले की मी पॅलेस्टिनी असतो तर कॅम्प डेव्हिड मीही नाकारलं असतं. खरी संधी आली डिसेंबरात. अमेरिकी अध्यक्ष क्लिंटन यांच्या सूत्रांत वेस्ट बँकेचा ९४ ते ९६ टक्के भाग आणि जेरुसलेममधले अरब मोहल्ले पॅलेस्टाईनला होते. इस्रायली मंत्रिमंडळानं हरकती नोंदवून होकार दिला. अराफत यांनीही ‘हो, पण’ म्हटलं, फक्त त्यांच्या ‘पण’नं निर्वासित आणि पवित्र स्थळं हे गाभ्याचेच मुद्दे गाठले. माझ्या मते ही घोडचूक होती, आणि रक्तपात सुरू असताना केलेली म्हणून अधिक महागात पडली. जानेवारीत इजिप्तमधल्या ताबा गावी दोन्ही बाजू ‘इतके जवळ कधीच आलो नव्हतो’ असं म्हणाल्या. मग इस्रायलमध्ये निवडणूक झाली, शेरॉन पंतप्रधान झाले, विषय संपला.

२००८ मात्र यादीत जसं दिसतं तसं घडलंच नाही. १६ सप्टेंबरला इस्रायलचे पंतप्रधान ओल्मर्ट यांनी पॅलेस्टिनी अध्यक्ष अब्बास यांच्यापुढे नकाशा ठेवला : ९४ टक्क्यांच्या आसपास जमीन आणि वर अदलाबदल. आधी सही, मग नकाशा, अशी अट. नकाशा सोबत न्यायला मिळेना, तेव्हा अब्बास यांनी तो हातानं कागदावर उतरवून घेतला. दुसऱ्याच दिवशी ओल्मर्ट यांचा पक्ष त्यांचा वारस निवडणार होता. भ्रष्टाचाराच्या चौकशीमुळे ते पायउतार होत होते, आणि त्याच आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला. अशा माणसाच्या नकाशावर सही केली असती तरी ती पुढच्या सरकारनं पाळली असती का? अब्बास यांनी तरीही लेखी प्रतिसाद द्यायला हवा होता, हे खरंच. पण ‘त्यांनी कधी नाही म्हटलं नाही’ हे स्वतः ओल्मर्ट यांनीच सांगितलेलं आहे.

राहिला २००५ चा गाझा. वस्त्या हलवल्या, सुमारे आठ हजार लोक उठवले, सैन्य मागे आलं; पण करार करून कुणाच्या हाती काही सोपवलं नाही. आकाश आणि समुद्र इस्रायलच्याच ताब्यात राहिले. शेरॉन यांचे निकटचे सल्लागार डोव वाइसग्लास यांनी २००४ मध्ये ‘हारेत्झ’ या इस्रायली दैनिकाला सांगितलं होतं की ही माघार म्हणजे फॉर्मल्डिहाइड आहे, राजकीय प्रक्रिया गोठवून ठेवण्यापुरतं. यानं हमासच्या रॉकेटांचं समर्थन होत नाही, आणि ७ ऑक्टोबर २०२३ च्या सुमारे बाराशे हत्यांचं तर नाहीच. अश्दोदमध्ये सायरन वाजला की जिन्याखाली धावणाऱ्यांत कोकणातून गेलेली बेने इस्रायल कुटुंबंही असतात; त्यांची भीती खोटी नाही. फक्त ‘राष्ट्र देऊन पाहिलं’ हे त्या भीतीवरून सिद्ध होत नाही.

आणि नकारच मोजायचे असतील तर दुसऱ्या बाजूचेही मोजा. २००२ मध्ये अरब लीगनं बैरूतला १९६७ च्या सीमांवर परतण्याच्या बदल्यात पूर्ण मान्यता देऊ केली; त्याच सुमारास नेतान्याच्या हॉटेलात हमासनं पासओव्हर या ज्यू सणाच्या रात्री ३० जणांचा जीव घेतला आणि तो प्रस्ताव बाजूला पडला. नंतरही इस्रायलच्या कुठल्या सरकारनं तो स्वीकारला नाही. जुलै २०२४ मध्ये तर क्नेसेटनं जॉर्डन नदीच्या पश्चिमेला पॅलेस्टिनी राष्ट्र होऊ देणार नाही असा ठराव ६८ विरुद्ध ९ मतांनी केला, आणि बाजूनं मत देणाऱ्यांत विरोधी बाकांवरचा बेनी गांत्झ यांचा पक्षही होता.