मागचे स्पीकर गप्प आहेत म्हणून साउंड कार्ड बदलू नका

कॉम्प्युटरवर ब्लू-रे लावली, चित्र झकास आलं, पण आवाज पुढच्या दोनच स्पीकरमधून येतोय, अशी तक्रार कुणी केली की त्याला हमखास एक मेसेज पाठवला जातो. थोड्याफार फरकाने मजकूर असा: ‘तुमचं साउंड कार्ड ५.१ देऊ शकत नाही. नवीन ७.१चं कार्ड घ्या. आवाजासाठी ऑप्टिकल वायरच वापरा, एचडीएमआय चित्रासाठी असते. विंडोजमध्ये ७.१ निवडा. कोडेक पॅक टाका. प्लेअरमध्ये कायम बिटस्ट्रीम ठेवा.’

५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर, ७.१ म्हणजे सात स्पीकर आणि एक सबवूफर. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण या सल्ल्यापायी लोक नाहक पैसे घालवतात आणि शेवटी ‘कॉम्प्युटरवर सराउंड जमतच नाही’ असं म्हणून नाद सोडतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण ते जमतं, आणि बहुतेक वेळा घरात आहे त्याच सामानात जमतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘साउंड कार्ड ५.१ देऊ शकत नाही’

तुमचा कॉम्प्युटर रिसीव्हरला, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला, एचडीएमआयने जोडला असेल, तर साउंड कार्डाचा इथे संबंधच येत नाही. एचडीएमआयमधून जाणारा आवाज ग्राफिक्स कार्डातून किंवा प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समधून निघतो. त्याचा ड्रायव्हरही ग्राफिक्सच्या ड्रायव्हरसोबत येतो. मदरबोर्डवरच्या ऑडिओ चिपचा ड्रायव्हर काढून पुन्हा टाकण्यात संध्याकाळ घालवलेली माणसं मी पाहिली आहेत. तो ड्रायव्हर आणि एचडीएमआयचा आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

काहीही विकत घेण्याआधी एक चाचणी करा. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘साउंड’ उघडा, ‘प्लेबॅक’ टॅबमध्ये रिसीव्हरचं किंवा स्पीकरचं नाव निवडा आणि ‘कॉन्फिगर’ दाबा. यादीतून ५.१ निवडलं की खोलीचं चित्र येतं. त्यातल्या प्रत्येक स्पीकरवर क्लिक करा. सहाही स्पीकर आपापल्या जागी वाजले, तर विंडोज, ड्रायव्हर, वायर, रिसीव्हर सगळं ठीक आहे आणि दोष प्लेअरमध्ये किंवा डिस्कमध्ये शोधायचा. यादीत ‘स्टिरिओ’ एवढाच पर्याय दिसत असेल, तर मात्र गडबड प्लेअरच्या पुढे, जोडणीत आहे.

माझ्या मावसभावाकडे नेमकं हेच झालं होतं. यादीत फक्त स्टिरिओ, आणि रिसीव्हरच्या डिस्प्लेच्या पट्टीवर ‘पीसीएम’ (म्हणजे न दाबलेला डिजिटल आवाज) आणि शेजारी डाव्या-उजव्या स्पीकरचे दोन चौकोन. त्याने कॉम्प्युटर एचडीएमआयने टीव्हीला जोडला होता आणि टीव्हीतून ऑप्टिकल वायर रिसीव्हरकडे नेली होती. एचडीएमआय जोडल्याबरोबर पलीकडचं उपकरण कॉम्प्युटरला आपली कुवत कळवतं: किती चॅनेल (स्पीकरागणिक वेगळे आवाज) घेऊ शकतो, कोणते फॉरमॅट समजतात. त्याला ईडीआयडी म्हणतात. टीव्हीला स्वतःचे दोनच स्पीकर, म्हणून त्याने ‘दोन चॅनेल’ असं कळवलं आणि विंडोजने ते मानलं. पलीकडे सहा स्पीकरचा रिसीव्हर बसला आहे हे कॉम्प्युटरला कळायला मार्गच नव्हता. आम्ही कॉम्प्युटरची वायर थेट रिसीव्हरच्या इनपुटला लावली आणि रिसीव्हरच्या आउटपुटमधून टीव्हीला नेली. यादीत लगेच ५.१ आलं आणि डिस्क लावल्यावर पट्टीवर पाच स्पीकर आणि सबवूफरचा चौकोन उजळला. नवीन काहीच घ्यावं लागलं नाही.

रिसीव्हर जुना असेल आणि त्यातून ४के चित्र पुढे जात नसेल, तर ग्राफिक्स कार्डाच्या दोन पोर्टमधून दोन वायरी काढा, एक टीव्हीला आणि एक रिसीव्हरला. विंडोज रिसीव्हरला दुसरा मॉनिटर समजेल, तेवढं चालवून घ्यावं लागतं.

‘आवाजासाठी ऑप्टिकलच’

मेसेजमधली सगळ्यात नुकसान करणारी ओळ हीच. ऑप्टिकल जोडणीची पद्धत दोन चॅनेलच्या पीसीएमसाठी आखलेली आहे. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, दोन चॅनेल असा गुणाकार केला की सेकंदाला साधारण १.५ मेगाबिट होतात. सहा चॅनेल, २४ बिट धरले तर तोच आकडा ६.९ मेगाबिटवर जातो. तो या वाटेने जात नाही. म्हणजे प्लेअरमध्ये पीसीएम निवडलं आणि वायर ऑप्टिकल असली, तर सहाचे दोन तिथेच होतात, मग कार्ड कितीही महागाचं असो.

ऑप्टिकलमधून ५.१ जातं ते दाबलेल्या रूपात. ब्लू-रेवरचा डॉल्बी डिजिटल जास्तीत जास्त ६४० किलोबिटचा, साधा डीटीएस १५०९ किलोबिटचा. दोन्ही मावतात. डॉल्बी ट्रूएचडी १८ मेगाबिटपर्यंत आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ २४.५ मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो. हे दोन्ही ऑप्टिकलमधून जातच नाहीत, आणि ब्लू-रे घेण्याचं अर्धं कारण तेच असतं. याउलट एचडीएमआयने २००२ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आठ चॅनेलचा पीसीएम वाहिला आहे, आणि २००६च्या १.३ आवृत्तीपासून ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी न उलगडता तसेच पाठवता येतात.

रिसीव्हरला एचडीएमआय नसेल तर ऑप्टिकल वापरायला हरकत नाही. फक्त वायर टीव्हीतून न नेता थेट कॉम्प्युटरमधून न्या, कारण बरेच टीव्ही एचडीएमआयमधून आलेला आवाज ऑप्टिकलवर स्टिरिओ करून सोडतात. आणि प्लेअरमध्ये एसपीडीआयएफचा, म्हणजे ऑप्टिकल जोडणीचा, पर्याय निवडा. ट्रूएचडी असलेल्या ब्लू-रेवर सोबत साधा डॉल्बी डिजिटल असतोच आणि डीटीएस-एचडीच्या पोटात साधा डीटीएस असतो, त्यामुळे ५.१ मिळतं.

‘विंडोजमध्ये ७.१ निवडा’

घरात जेवढे स्पीकर आहेत तेवढेच निवडा. ज्यांचे स्पीकर कॉम्प्युटरच्या मागच्या रंगीत पिनांना जोडले आहेत, त्यांच्याकडे हा सल्ला उलट त्रास देतो. हिरवी पिन पुढच्या जोडीची, काळी मागच्या जोडीची, केशरी सेंटर आणि सबवूफरची, करडी बाजूच्या जोडीची. ७.१ निवडलं की ५.१ चित्रपटाचा सराउंड अनेकदा बाजूच्या जोडीकडे, म्हणजे करड्या पिनेकडे जातो. तिथे काही लावलेलंच नसतं आणि काळ्या पिनेवरचे स्पीकर गप्प बसतात. ज्या तक्रारीवर हा उपाय सांगितला जातो, तीच तक्रार त्यातून तयार होते. मदरबोर्डला तीनच भोकं असतील तर बहुधा निळं आणि गुलाबी भोक मागच्या जोडीच्या आणि सेंटर-सबवूफरच्या कामाला लागतं. त्यासाठी ऑडिओ ड्रायव्हरच्या पॅनेलमध्ये त्या भोकांचं काम बदलून द्यावं लागतं.

आणि ‘७.१’ असं छापलेला, एकच हिरवं भोक असलेला यूएसबी डोंगल घेऊ नका. त्या एका पिनेतून दोनच चॅनेल येतात, बाकी सगळा हेडफोनसाठी केलेला आभास असतो. लॅमिंग्टन रोडवर किंवा तपकीर गल्लीत जाण्याआधी एवढं पक्कं लक्षात ठेवा.

‘कोडेक पॅक टाका’

कोडेक पॅक म्हणजे दाबलेला आवाज आणि चित्र उलगडणाऱ्या डीकोडरचा संच. विकत मिळणारी ब्लू-रे प्लेअर सॉफ्टवेअर स्वतःचे डीकोडर वापरतात. बाहेरून टाकलेल्या पॅकशी त्यांना कर्तव्य नसतं. खरी अडचण बहुधा वेगळीच असते: ड्राइव्हसोबत फुकट मिळालेली आवृत्ती. अशा कित्येक आवृत्त्या मुद्दाम दोन चॅनेलपुरत्या मर्यादित ठेवलेल्या असतात, किंवा त्यांत ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी नसतात. ऑडिओच्या सेटिंगमध्ये सहा स्पीकरचा पर्याय करडा पडलेला असेल किंवा दिसतच नसेल, तर आधी आवृत्ती तपासा.

‘कायम बिटस्ट्रीम ठेवा’

बिटस्ट्रीम म्हणजे दाबलेला आवाज प्लेअरने न उलगडता तसाच रिसीव्हरकडे पाठवणं. ते कायम हवंच, ही समजूत जाणकारांतही आहे. ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे काहीही न गमावता दाबलेले फॉरमॅट आहेत. ते प्लेअरने उलगडले काय किंवा रिसीव्हरने, हाती येणारा पीसीएम तोच असतो. आवाजाच्या पातळीत फरक वाटला तर तो दोन्हीकडच्या पातळी ठरवण्याच्या सेटिंगचा. बिटस्ट्रीम खरोखर हवं ते अ‍ॅटमॉस आणि डीटीएस:एक्स या वरच्या स्पीकरांनाही आवाज देणाऱ्या फॉरमॅटसाठी. प्लेअरने पीसीएम केला की त्यातली वरच्या स्पीकरांची माहिती निघून जाते आणि खालचा ७.१ तेवढा उरतो.

बिटस्ट्रीमची किंमतही मोजावी लागते. विंडोजची आवाजाची पट्टी निकामी होते, मेनूतल्या बटणांचे आवाज आणि चित्रातल्या छोट्या चौकटीतली कॉमेंट्री येत नाही, कारण ते मूळ आवाजात मिसळायला आधी तो उलगडावा लागतो. प्लेअरमध्ये हे मिसळणं सुरू राहिलं, तर रिसीव्हरवर ट्रूएचडीऐवजी साधा डॉल्बी किंवा पीसीएम दिसतो आणि माणूस वायरी बदलत बसतो. रंगीत पिनांवर स्पीकर असतील तर बिटस्ट्रीमचा प्रश्नच नाही. तिथे उलगडायचं काम प्लेअरनेच करायचं.

मेसेजमध्ये डिस्कचा उल्लेखच नाही, याचं मला सर्वांत जास्त आश्चर्य वाटतं. कव्हरच्या मागे प्रत्येक भाषेपुढे फॉरमॅट छापलेला असतो. एका भाषेला डीटीएस-एचडी ५.१ आणि दुसरीला साधा २.० असं असू शकतं, आणि प्लेअर तुमच्या विंडोजच्या भाषेप्रमाणे भलताच ट्रॅक उचलू शकतो. दिग्दर्शकाची कॉमेंट्री बहुधा स्टिरिओच असते. बरेच जुने चित्रपट तर मुळात मोनोमध्ये ध्वनिमुद्रित झालेले, त्यांच्या मूळ ट्रॅकमध्ये मागच्या स्पीकरसाठी काही नसतंच. नव्या चित्रपटांतही संवाद सेंटरमधून येतात, त्यामुळे दोन माणसं खोलीत बोलत असताना मागून काही ऐकू येत नसेल तर तो बिघाड नाही. मागच्या स्पीकरची परीक्षा घ्यायची तर पाऊस, वादळ किंवा स्टेडियममधली गर्दी असलेला प्रसंग लावा, आणि तो सुरू असताना रिसीव्हरच्या पट्टीवर काय लिहून येतं ते वाचा.