झोप लागते का, हे कुणी विचारत नाही
डायलिसिसच्या रुग्णांमधलं नैराश्य लेखात मांडलंत, बरं केलंत. आमचे अण्णा आठवड्यातून ३ वेळा, दर वेळी ४ तास रक्त शुद्ध करणाऱ्या मशीनवर असतात. निफाडहून एसटीने नाशिकला, तिथल्या द्वारका चौकात उतरून रिक्षा. वजन, बीपी दर खेपेला बघतात. झोप लागते का, हे आजवर कुणी विचारलं नाही. २०१६ पासून गरिबांसाठी मोफत डायलिसिसची केंद्राची योजना आहे, चांगलंच आहे, पण समुपदेशक कुठंय? किडन्या पाणी बाहेर टाकत नाहीत, म्हणून एप्रिलच्या उन्हातही पाणी मोजून प्यायचं, हा तर छळच. फिस्टुलाच्या, म्हणजे मशीनच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने रक्तवाहिन्या जोडलेल्या, हाताने द्राक्षांचं क्रेट उचलायचं नाही म्हटल्यावर त्यांनी बागेत जाणंच सोडलं. परवा शेजारच्या खाटेवरच्या मावशींशी टीव्हीच्या चॅनलवरून भांडले म्हणे. घरी येऊन हसत सांगत होते, कितीतरी महिन्यांनी.