गाणं चालूय हो, जरा गप्प बसा!
पडक्या भिंती, कुठून कुठून उचलून आणलेल्या डुगडुगत्या खुर्च्या, कोपऱ्यात कुणाचंतरी अर्धवट पेंटिंग, असले बार मला जाम आवडतात. पण बँड सुरू झाला रे झाला की नेमकं स्टेजसमोरच्याच टेबलावर ऑफिसचं गॉसिप का सुरू होतं?? आणि ते पण किंचाळून! आधीच उघड्या विटा, सिमेंटची जमीन, आवाज शोषणारं काहीच नाही, त्यात गोंगाटात माणूस आपोआप आवाज चढवतो (लोम्बार्ड इफेक्ट, १९११ पासून माहितीये जगाला), मग शेजारचं टेबल अजून वर, मग साउंडवाला बिचारा व्हॉल्यूम अजून वर. बास काय वाजतोय कुणाला पत्ता नाही. आणि गाणं संपलं की सगळ्यात मोठ्या टाळ्या ह्यांच्याच, वर 'वन्स मोअर'! अरे, पहिल्यांदा तरी कुठे ऐकलंत?