'आधी एक पेशंट सांभाळून दाखवा' म्हणणाऱ्या डॉक्टरसाहेबांना

नमस्कार डॉक्टरसाहेब,

जिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांतल्या एमबीबीएस डॉक्टरांना चार आठवड्यांचं प्रशिक्षण देऊन कॅन्सरचं काम शिकवा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर आपण नागपूरहून लिहिता, "मॅडम, भावनेवर दवाखाना चालत नसतो. चार आठवड्यांत कुणी ऑन्कोलॉजिस्ट होत नाही. आधी एक कीमोचा पेशंट सांभाळून दाखवा, मग लेख लिहा." पुढे औषधांचा साठा, प्रशिक्षित नर्स, कायदेशीर जबाबदारी, मॉर्फिनचा गैरवापर वगैरेही आहे.

'चार आठवड्यांत कॅन्सरचा डॉक्टर' हे शीर्षक भडक होतं, एवढं मान्य. बदलते. शीर्षकाच्या खाली लेखही होता, तो आपण वाचलेला दिसत नाही.

पण 'मॅडम, भावनेवर' हा सूर कशासाठी? एखाद्या पुरुष मेडिकल ऑफिसरने हेच लिहिलं असतं तर तुम्ही त्याच्याकडे आकडे मागितले असते, त्याच्या भावना काढल्या नसत्या. राउंडला रेसिडेंटवर, म्हणजे हाताखालच्या शिकाऊ डॉक्टरवर, खेकसायची सवय असेल तर ती वॉर्डातच ठेवावी. मी तुमची रेसिडेंट नाही.

आता "सांभाळून दाखवा". माझी नोकरीची बहुतेक वर्षं गडचिरोली जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयांत गेली. तुम्ही नागपुरात कीमोची एक सायकल, म्हणजे फेरी, देता, कार्डावर 'ताप आल्यास त्वरित संपर्क साधावा' असं लिहून देता, आणि पेशंट एसटीत बसून गावी येतो. आठवड्या-दीड आठवड्याने त्याच्या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तळाला जातात तेव्हा तो तुमच्या दारात नसतो, आमच्या दारात असतो. सिरोंच्याहून नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या वर आहे. आणि पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडच्या माणसाने 'त्वरित संपर्क' कसा साधायचा, तेही कार्डावर लिहीत चला.

धानोऱ्याकडची एक बाई होती. स्तनाचा कॅन्सर, दुसरी कीमो घेऊन परतलेली. केस गेलेले, म्हणून पदर कपाळापर्यंत घट्ट ओढलेला. नवरा म्हणाला, "म्याडम, साधा ताप हाय, गोळी द्या न, धान कापाले पडला हाय." दिसायला साधाच होता, १०१. पण अशा पेशंटला पॅरासिटामॉल देऊन घरी धाडलं तर सेप्सिस होऊन, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनून, ती दोन दिवसांत जाऊ शकते. रिपोर्टची वाट न बघता तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू करावं लागतं. मी ते केलं, कारण माझी एक वर्गमैत्रीण कॅन्सरच्या वॉर्डात काम करत होती आणि त्या संध्याकाळी तिला फोन लागला. टॉवर बंद असता तर? मला हे कुणी शिकवलेलं नव्हतं, आणि शिकवा एवढंच मी म्हणत होते. बाई वाचली. भावनेने नाही, स्टोअरमध्ये पडून असलेल्या पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम या अँटिबायोटिकने.

तज्ज्ञ व्हायला किती लागतं ते मलाही मोजता येतं: इंटर्नशिप धरून एमबीबीएसची साडेपाच, एमडीची तीन, त्यावर कॅन्सरतज्ज्ञाच्या डीएम पदवीची तीन. कुठली कीमो, किती, कधी थांबवायची, हे त्यांनीच ठरवावं. पण ठरलेली पुढची सायकल रक्त तपासून देणं, औषध शिरेबाहेर झिरपतंय हे वेळेत ओळखून ड्रिप बंद करणं, उलट्या, जुलाब, ताप बघणं, याला साडेअकरा वर्षं लागत नाहीत. मध्य प्रदेशाने २०१४ पासून जिल्हा रुग्णालयांतल्या डॉक्टरांना आणि नर्सना थोडक्या आठवड्यांचं प्रशिक्षण देऊन हे सुरू केलं. २०२५-२६च्या केंद्रीय बजेटमध्ये तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत डे-केअर (दिवसात उपचार घेऊन घरी जायची) कॅन्सर केंद्रं काढायची घोषणा आहे, त्यातली २०० पहिल्याच वर्षी. खुर्च्या येतील, सलाईनचे स्टँड येतील. शेजारी कोण उभं राहणार, राजेहो? तुम्ही येता का?

आणि कीमोच्या आधीचं तर बाजूलाच राहिलं. आमच्या ओपीडीत खिशात खर्र्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या घोटलेल्या मिश्रणाची, पन्नी नसलेला माणूस शोधावा लागतो. तोंड उघडायला सांगितलं की कित्येकांच्या तोंडात उभी तीन बोटं जात नाहीत, गाल आतून चामड्यासारखा ताठ झालेला. कुणी हलणारा दात काढून घेतलेला असतो आणि महिनोन्‌महिने तिथली जखम भरलेली नसते. दात हलत होता तो खालच्या गाठीमुळे. त्या टप्प्यावर बॅटरी मारून तोंडात बघणारा आणि लगेच बायोप्सीला, गाठीचा तुकडा तपासायला, पाठवणारा डॉक्टर हवा असतो. डीएमची पाटी तिथे काय कामाची?

साठा, नर्स, कायदा ही अंमलबजावणीची रड आहे, ती प्रत्येक योजनेत असते. मॉर्फिनचं म्हणाल तर अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा २०१४ मध्ये बदलला तो मुख्यतः वेदनेने तळमळणाऱ्यांना ते मिळावं म्हणून. तो एकदा वाचून घ्यावा. प्रत्येक ओळीला उत्तर देत बसायला मला वेळ नाही, सकाळी ओपीडी असते.

तुमच्या हाताखालचे रेसिडेंट पंधरा-पंधरा दिवस इकडे पाठवायची तयारी असेल तर कळवा. क्वार्टरमधली एक खोली रिकामी आहे, जेवणाचं मी बघते. येताना बायोप्सी फोर्सेप्स मात्र घेऊन यायला सांगा, आमच्याकडचा गंजलाय.