‘मुलांची’ पेस्ट आणि फ्लोराइड: एक खुलासा

‘लहान मुलांच्या पेस्टमध्ये फ्लोराइड जितकं कमी तितकं चांगलं, दुधाचे दात तर पडणारच आहेत’ असा मेसेज सध्या फिरतोय. यातलं अर्धंच खरं आहे. पेस्ट गिळली जाऊन पुढे येणाऱ्या कायमच्या दातांवर पांढरे डाग पडू शकतात, ही काळजी रास्त आहे. पण त्यावरचा उपाय म्हणजे पेस्ट कमी घेणं, कमी फ्लोराइडची पेस्ट घेणं नव्हे.

ट्यूबच्या मागे बारीक अक्षरांत पीपीएमचा (दहा लाख भागांत फ्लोराइडचे किती भाग, याचा) आकडा असतो, तो शोधा. किडीपासून संरक्षणाचा भक्कम पुरावा १००० पीपीएम आणि त्यापुढच्या पेस्टचा आहे. ५०० च्या आसपासच्या पेस्टबद्दल तशी खात्री देता येत नाही. पुढचं कार्टून पाहून हे कळत नाही. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे, आणि ती मोठ्यांनीच ब्रशवर लावावी. घासून झाल्यावर थुंकायला सांगा, खळखळून चूळ नको. थोडं फ्लोराइड दातांवर राहू द्या.

आणि ‘पडणारच आहेत’ म्हणाल, तर दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. त्यांचं एनॅमल, म्हणजे वरचं कठीण आवरण, पातळ, त्यामुळे कीड झपाट्याने आत शिरते. रात्रभर दाढ धरून रडणारं मूल ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.