विटेवरी उभे अ‍ॅप

"एकच फाइल द्या ना. पेनड्राइव्हवर टाकतो, डबल क्लिक केलं की उघडली पाहिजे." हे म्हणणाऱ्याचा चेहरा इतका निष्पाप असतो की नाही म्हणवत नाही.

रिअ‍ॅक्टचं अ‍ॅप (रिअ‍ॅक्ट ही वेबपानं बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) हल्ली विटेवर उभं असतं, म्हणजे Vite या बिल्ड-टूलवर. 'व्हाइट' नव्हे, उच्चार 'वीट'. शब्द फ्रेंच, अर्थ 'झटपट'. मराठी अर्थ यथावकाश कळतो.

बिल्ड मारला, म्हणजे कोड ब्राउझरसाठी बांधून घेतला, की 'डिस्ट'मध्ये एक इंडेक्स आणि मागे जेएस, सीएसएस, फॉन्ट, चित्रं असा लवाजमा. इंडेक्सवर डबल क्लिक करावं तर पांढरंशुभ्र पान! एक तर फायलींचे पत्ते तिरक्या रेघेने सुरू होतात, म्हणून ब्राउझर त्या ड्राइव्हच्या मुळाशी शोधत बसतो. कॉन्फिगमध्ये 'बेस'ला रेघेआधी एक टिंब दिलं की हे मिटतं. पान मात्र पांढरंच. कारण स्क्रिप्टवर 'टाइप मॉड्यूल' लिहिलेलं असतं, आणि डिस्कवरून उघडलेल्या पानाला क्रोम शेजारच्या फोल्डरातलं मॉड्यूलही घेऊ देत नाही. कॉर्सचा, म्हणजे परक्या ठिकाणची फाइल परवानगीशिवाय न घेण्याचा, नियम. एका ताटात जेवणारे, पण ओळखपत्र दाखवा.

म्हणजे सगळा कोड पानातच ओतायचा. त्यासाठी 'सिंगलफाइल' नावाचं प्लगिन आहे. कॉन्फिगमध्ये दोन ओळी आणि काम फत्ते. ('पब्लिक' फोल्डरातल्या वस्तूंना ते हात लावत नाही, त्या 'सोर्स'मध्ये हलवून इम्पोर्ट करा.) पण "एवढ्याशा कामाला प्लगिन कशाला?" हा किडा आपल्या प्रोग्रामरांच्या जातीला चावतोच. दहा ओळींची स्क्रिप्ट: इंडेक्स वाचा, स्क्रिप्टचा टॅग 'रिप्लेस' करून तिथे कोड चिकटवा.

आणि पानावर अर्धं रिअ‍ॅक्ट गद्यात छापून येतं. 'रिप्लेस'च्या नव्या मजकुरात डॉलर आणि अँपरसँड शेजारी आले की त्याचा अर्थ 'जे सापडलं ते इथे पुन्हा घाल'. ही जोडी नेमकी रिअ‍ॅक्टच्याच पोटात आहे! तिथे जुना टॅग अवतरतो, त्याच्या शेपटाने स्क्रिप्ट बंद होते आणि उरलेला कोड रस्त्यावर. मजकुराऐवजी तो परत करणारं फंक्शन द्या. कोडमधल्या कुठल्या स्ट्रिंगमध्ये स्क्रिप्टचा बंद टॅग असेल, तर त्याच्या रेघेआधी उलटी रेघही द्या.

मग कुणी हुशारीने 'टाइप मॉड्यूल' काढून टाकतं. हेडमधली स्क्रिप्ट आता बॉडीच्या आधी धावते, अ‍ॅप ज्यात बसायचं तो 'रूट' जन्मलेलाच नसतो, रिअ‍ॅक्टची एरर २९९. 'डिफर' ('पान वाचून झाल्यावर धाव') लिहून उपयोग नाही, पानात लिहिलेल्या साध्या स्क्रिप्टला ते लागू नाही. मॉड्यूल राहू द्या. आतच असल्यावर त्याला कुठून काही आणायचं नसतं, आणि ते पान वाचून झाल्यावरच धावतं.

अक्षरं कशी वाचायची ते सांगणारं 'मेटा चारसेट' पहिल्या १०२४ बाइटांत ठेवा. कोड त्याच्या आधी घुसला तर मराठीची भुतं होऊ शकतात. राउटर (अ‍ॅपमधली पानं बदलणारा) हॅशवाला घ्या, पत्त्यात # नंतर पान लिहिणारा. चित्रं बेस-६४ मध्ये, म्हणजे अक्षरांच्या रूपात, जातात आणि तिथे एक तृतीयांशाने फुगतात. लोगोही त्यातच.

फाइल जाते, उघडते. संध्याकाळी फोन येतो. "मस्त चालतंय! फक्त लोगो बदलायचाय. तो कुठल्या फाइलमध्ये आहे?"