सीडीएल नको म्हणजे लायसन्सच नको, असं नाही

निवृत्तीनंतर घर आवरायचं, कॅम्परमध्ये राहायचं आणि दोन-तीन वर्षं अमेरिका पालथी घालायची, असा बेत करणारी मराठी मंडळी आता इथे अमेरिकेत बऱ्यापैकी भेटू लागली आहेत. मी त्यांच्यातलाच एक, टेक्सासचा रहिवासी. त्यामुळे ग्रुपवर तोच मेसेज चौथ्यांदा आला तेव्हा गप्प बसवलं नाही. आधी त्यातले शब्द: सीडीएल म्हणजे व्यावसायिक जड गाड्यांचं लायसन्स, कॅम्पर म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, फिफ्थ व्हील म्हणजे ट्रकच्या मागच्या भागावर टेकवून जोडायचा मोठा कॅम्पर, सेमी म्हणजे मोठे मालाचे ट्रेलर ओढणारा ट्रक, आरव्ही म्हणजे राहण्या-फिरण्याची खाजगी गाडी, एलएलसी म्हणजे छोटी कंपनी आणि २२९० म्हणजे जड गाड्यांच्या केंद्रीय कराचा फॉर्म. मेसेज थोडक्यात असा: 'मोठ्या फिफ्थ व्हील कॅम्परला पिकअप अपुरा पडतो. जुना सेमी ट्रक घ्या. आरव्ही म्हणून रजिस्टर केला की सीडीएल लागत नाही, कारच्या लायसन्सवर सगळ्या राज्यांत चालवा. कॅम्पर सोडून नुसता ट्रक चालवला तर वजनाचा प्रश्नच नाही. मोंटानात एलएलसी काढा, टॅक्स शून्य. डिझेल टॅक्स, २२९० वगैरे फक्त धंदेवाल्यांना. दारावर "नॉट फॉर हायर" लिहा, कोणी अडवत नाही. इन्शुरन्स कारच्याच पॉलिसीत होतो.'

पहिलं वाक्य मला शंभर टक्के मान्य आहे. अठरा-वीस हजार पौंडांचा कॅम्पर पिकअपमागे लावून कोलोरॅडोचा एखादा घाट उतरून बघा. ओढायला पिकअप ओढतो, थांबवताना जीव टांगणीला लागतो. सेमीचं वजन, त्याचा इंजिन ब्रेक, त्याचे टायर हे सगळं याच कामासाठी बनलेलं आहे. सेमी घ्यावा या मताचाच मी आहे, आणि म्हणूनच या मेसेजमधल्या बाकीच्या गोष्टी मला जास्त खुपतात. चांगल्या निर्णयाला चुकीच्या माहितीची जोड दिली की माणूस अडकतो.

सगळ्यात धोक्याचं वाक्य लायसन्सचं आहे, तेव्हा त्यावर जरा थांबतो. सीडीएल १९८६ च्या केंद्रीय कायद्यातून आलं. व्यापारासाठी, म्हणजे माल किंवा प्रवासी वाहण्याच्या धंद्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जड गाड्यांना ते लागतं. स्वतःचा कॅम्पर ओढून स्वतःच्या सुट्टीला जाणं हा व्यापार नाही, त्यामुळे केंद्राचा कायदा तुमच्याकडे सीडीएल मागत नाही. इथवर मेसेज बरोबर आहे. पण लायसन्स देतं राज्य, आणि बिगर-व्यावसायिक जड गाडीला कोणतं लायसन्स हवं हेही राज्यच ठरवतं. मेसेज लिहिणाऱ्याने 'सीडीएल लागत नाही' वाचलं आणि 'काहीच लागत नाही' असं पुढे पाठवलं.

आमच्या टेक्सासात सीडीएलमधून आरव्हीला सूट आहे, पण लायसन्सच्या वर्गातून नाही. गाडी आणि ट्रेलर मिळून २६,००१ पौंड किंवा जास्त आणि त्यात ट्रेलर १०,००० पौंडांच्या वर असेल तर बिगर-व्यावसायिक क्लास ए लागतं. एकटी गाडीच २६,००१ पौंड किंवा वर असेल तर क्लास बी. दोन्हींना वेगळी लेखी परीक्षा आहे आणि त्याच वर्गाची गाडी नेऊन रस्त्यावरची परीक्षाही आहे. पेनसिल्व्हेनियातही याच आकड्यांवर बिगर-व्यावसायिक ए आणि बी आहेत. न्यूयॉर्कात २६,००० पौंडांवरच्या आरव्हीसाठी लायसन्सवर 'आर' शेरा घ्यावा लागतो. कॅलिफोर्निया ट्रेलरचं वजन बघतं: साधा ट्रॅव्हल ट्रेलर १०,००० पौंडांच्या वर किंवा फिफ्थ व्हील १५,००० पौंडांच्या वर गेला की बिगर-व्यावसायिक क्लास ए, त्यासोबत तब्येतीची प्रश्नावली. फिफ्थ व्हील दहा ते पंधरा हजारांच्या मधला असेल तर नेहमीच्या क्लास सीवर वेगळी लेखी परीक्षा देऊन शेरा मिळवता येतो. याउलट फ्लोरिडात सुट्टीसाठी वापरलेल्या आरव्हीला कायद्यातच सूट आहे, तिथे नेहमीचं क्लास ई पुरतं. मला वाटतं हा मेसेज मुळात फ्लोरिडासारख्या राज्यातल्या कोणीतरी स्वतःपुरता खरा लिहिला असावा. पुढे पाठवता पाठवता राज्याचं नाव गळालं.

आपल्या मंडळींचा आणखी एक घोटाळा इथे होतो. भारतात हलक्या वाहनाच्या लायसन्सची रेषा ७,५०० किलोंवर आहे. ६ नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्या वजनापर्यंतचं वाहतुकीचं वाहनही त्याच लायसन्सवर चालवता येतं, ही बातमी सगळ्यांनी वाचली. २६,००१ पौंड म्हणजे ११,७९४ किलो. हा आकडा आपल्याला इतका मोठा वाटतो की 'आपण तिथवर जाणारच नाही' असं मन ठरवून टाकतं. हिशेब करून बघा. दोन चाकांऐवजी मागे चार चाकं असलेल्या मोठ्या पिकअपची कमाल वजनमर्यादा १४,००० पौंड. त्यामागे १६,००० पौंडांचा फिफ्थ व्हील. बेरीज ३०,०००. म्हणजे सेमीचा विचारही न केलेला, आजच पिकअपने कॅम्पर ओढणारा टेक्सासचा माणूस क्लास ए शिवाय चालवत असू शकतो. अशी दोन कुटुंबं मला माहीत आहेत. त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

'नुसता ट्रक चालवला तर वजनाचा प्रश्नच नाही' हे वाक्यही याच चुकीतून आलं आहे. वर्ग ठरतो तो दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर कंपनीने छापलेल्या कमाल मर्यादेवर, त्या दिवशी काट्यावर आलेल्या वजनावर नव्हे. मोकळा ट्रॅक्टर, म्हणजे मागे काही न जोडलेला सेमी ट्रक, अठरा हजार पौंड भरेल. पण त्याच्या पुढच्या ॲक्सलची क्षमता १२,००० आणि मागच्या दोन ॲक्सलची ४०,००० असेल तर पट्टीवर ५२,००० लिहिलेलं असतं. कॅम्पर घरी सोडून दूध आणायला गेलात तरी तुम्ही ५२,००० पौंडांची गाडी चालवत असता.

परीक्षा घेतात ती उगाच नाही. सेमीला एअर ब्रेक, म्हणजे हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक असतात. पाय दाबल्यापासून हवा चाकापर्यंत पोचायला क्षणभर लागतो आणि ताशी ५५ मैल वेगाला तेवढ्या क्षणात गाडी सुमारे ३२ फूट पुढे सरकलेली असते. हे सीडीएलच्या पुस्तकातच दिलं आहे. टाकीतला दाब उतरत उतरत २० ते ४५ पीएसआयच्या दरम्यान आला की मागचे स्प्रिंग ब्रेक आपोआप आवळले जातात. हायवेवर हे अनुभवण्यापेक्षा मैदानात शिकलेलं बरं. त्यात कॅम्परचे ब्रेक बहुतेक वेळा विजेवर चालतात, हवेवर नाही. म्हणून ट्रकच्या हवेचा दाब वाचून कॅम्परला वीज देणारा ब्रेक कंट्रोलर वेगळा बसवावा लागतो. मी परीक्षेची तयारी करताना यातलं निम्मं पहिल्यांदा शिकलो, आणि त्याआधी मी तीस वर्षं गाडी चालवत होतो.

आता 'आरव्ही म्हणून रजिस्टर करा'. हे शक्य आहे, पण नुसत्या इच्छेवर होत नाही. मोटरहोम कशाला म्हणायचं याची केंद्रीय व्याख्या आहे: स्वयंपाकाची सोय, फ्रिज, स्वतःची टाकी असलेला संडास, हीटर किंवा एसी, नळ-सिंकसह पिण्याचं पाणी, आणि वेगळी ११० ते १२५ व्होल्टची वीज किंवा प्रोपेन गॅस, या सहांपैकी किमान चार सोयी गाडीत हव्यात. ट्रॅक्टरच्या स्लीपरमध्ये, म्हणजे चालकाच्या मागच्या झोपायच्या जागेत, एक बंक आणि छोटा फ्रिज असला म्हणून ते मोटरहोम होत नाही. काही राज्यं अशीच कसोटी लावून फोटो किंवा तपासणी मागतात, काही ठिकाणी खाजगी ट्रक म्हणूनच नोंदणी होते. खाजगी ट्रक म्हणून नोंदणी झाली तरी वाईट काही नाही. वाईट तेव्हा होतं, जेव्हा खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला काहीतरी सांगून कागद मिळवला जातो आणि दोन वर्षांनी तोच कागद अपघाताच्या फाइलमध्ये उघडतो.

मोंटानात विक्रीकर नाही, हे खरं. तिथे एलएलसी काढून तिच्या नावावर गाडी घेणारे आहेत, हेही खरं. पण तुम्ही राहता डॅलसला किंवा सॅन होजेला, ट्रक उभा असतो तुमच्या दारात. टेक्सासचा ६.२५ टक्के वाहनकर बाहेरून घेऊन इथे वापरलेल्या गाडीलाही लागतो. कॅलिफोर्नियात रहिवासी झाल्यापासून २० दिवसांत गाडीची नोंदणी करावी लागते, आणि बाहेरच्या राज्याच्या नंबरपाट्या लावून फिरणाऱ्या रहिवाशांची तक्रार घ्यायला तिथल्या हायवे पोलिसांची खास योजनाच आहे. शिवाय जो ट्रक 'पूर्ण खाजगी' म्हणून सगळ्या सवलती हव्यात, तो एका कंपनीच्या नावावर ठेवायचा, ही गोष्ट कोणत्याही अधिकाऱ्याला पटवून देणं कठीण.

करांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. आयएफटीए, म्हणजे राज्याराज्यांत वाटला जाणारा डिझेल कर, आरव्हीला लागू नाही. पण त्या करारात आरव्हीची व्याख्या स्पष्ट आहे: केवळ व्यक्तीच्या स्वतःच्या आनंदासाठी, कोणत्याही धंद्याशी संबंध न येता वापरलेली गाडी. गणेशोत्सवाला मंडळाच्या मैदानावर कॅम्पर नेऊन मुक्काम केलात तर काही प्रश्न नाही. त्याच ट्रकमधून वडापावच्या स्टॉलची शेगडी, तेलाचे डबे आणि माल विकायला नेलात, तर त्या फेरीपुरती 'कोणत्याही धंद्याशी संबंध न येता' ही अट मोडली. ट्रकचा खर्च कन्सल्टिंगच्या धंद्यातून वजा करणाऱ्यांनीही हे वाक्य पुन्हा वाचावं. घोड्यांच्या स्पर्धांना ट्रेलर नेणाऱ्यांसाठी केंद्रीय वाहतूक खात्याने दिलेलं मार्गदर्शनही असंच आहे: खर्च धंद्याचा म्हणून वजा केलेला नसेल आणि कंपनीची स्पॉन्सरशिप नसेल, तर ती वाहतूक खाजगी.

२२९० चा संबंध वजनाशी आहे. हा रस्त्यावरच्या जड गाड्यांचा केंद्रीय कर, ५५,००० पौंडांपासून सुरू होतो. सेमी आणि कॅम्पर मिळून साधारणपणे त्याखालीच राहतात, त्यामुळे तो बहुतेकांना लागत नाही. मात्र एक खाच आहे. जुन्या मालकाने ट्रक ८०,००० पौंड जाहीर करून नोंदवलेला असतो, आणि नवा मालक तोच आकडा पुढे चालवतो. करासाठी धरलेलं वजन नोंदणीत जाहीर केलेल्या वजनापेक्षा कमी धरता येत नाही. मग वर्षाचे ५५० डॉलर भरावे लागतात, तेही वजन कधीच नेणार नसताना. नोंदणी बदलताना जाहीर वजन आपल्या खऱ्या गरजेइतकं खाली आणायला सांगा.

'नॉट फॉर हायर' या पाटीला कायद्यात स्वतःची काही ताकद नाही. सूट मिळते वापराला, पाटीला नाही.

'सगळ्या राज्यांत' या शब्दांत आणखी एक गोष्ट दडली आहे. तुमच्या राज्याचं योग्य वर्गाचं लायसन्स बाकीची राज्यं साधारणपणे मानतात. पण लांबी-रुंदीचे नियम ज्या रस्त्यावर आहात त्या राज्याचे. कॅलिफोर्नियात ट्रक आणि ट्रेलर मिळून सर्वसाधारण मर्यादा ६५ फूट आहे. लांब स्लीपरचा ट्रक, मागे डेकवर ठेवलेली छोटी कार आणि ४२ फुटी कॅम्पर, ही जोडी ती सहज ओलांडते.

राहिला इन्शुरन्स. कारच्या पॉलिसीत सेमी ट्रक 'होतो' असं ज्यांना वाटतं त्यांनी एजंटकडून ते लेखी मागावं. खाजगी वापराचा ट्रॅक्टर घेणाऱ्या कंपन्या मोजक्या आहेत. त्या ट्रकची नोंदणी कशी आहे, तो कोणाच्या नावावर आहे, रात्री कुठे उभा असतो, तो काय ओढणार आणि चालवणाऱ्याचं लायसन्स कोणत्या वर्गाचं आहे, हे विचारतात. आणि 'चालवणाऱ्याचं' म्हणजे दोघांचंही. लांबच्या प्रवासात नवरा-बायको आलटून पालटून चालवतात, पण परीक्षा मात्र बहुतेक घरांत एकानेच दिलेली असते. आमच्या घरी क्लास ए आधी मी काढलं आणि चार महिन्यांनी हिने. मधल्या चार महिन्यांत ट्रकची किल्ली फक्त माझ्याकडे होती.